श्रावणात बरी होणारी दाढी



आजचा विषय असा आहे की त्यासाठी म्हणून दवाखान्यात कुणीच येत नाही. ताप-खोकल्याला आलेला माणूस औषध घेऊन उठतो, दारापर्यंत जातो, मग परत वळून शर्टाची कॉलर खाली ओढतो. "डॉक्टरसाहेब, हे एक पाहून घ्या ना. पिंपल्स जाऊनच नाही राहिले." गळ्यावर आणि जबड्याच्या कडेला बारीक लाल पुटकुळ्या असतात. काहींच्या टोकावर पू असतो, आणि मध्येमध्ये जुन्या पुटकुळ्यांचे काळे डाग.

यातले बरेचसे पिंपल्स नसतात. तो तुमचाच केस असतो. बाहेर यायचा तो आत शिरलेला. इंग्रजीतलं नाव आता सगळ्यांना माहीत आहे, इनग्रोन हेअर. आपल्याकडे केसतोड हा जुना शब्द आहे, पण तो आपण केसाच्या मुळाशी जंतू शिरून झालेल्या मोठ्या, ठणकणाऱ्या फोडाला वापरतो. दोन्ही गोष्टी जवळच्या असल्या तरी एक नव्हेत. हा फरक मला स्वतःला नीट कळायला एका मुलाची तिसरी फेरी लागली, म्हणून आधी त्याचीच गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

कळमेश्वरला आमच्याकडे एका बाजूला संत्र्याच्या बागा आणि कपाशी, आणि दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. एकाच घरात वडील शेतावर आणि मुलगा कंपनीत, हे चित्र नेहमीचं. हा मुलगा सव्वीस वर्षांचा, एका कारखान्यात रंगकामाच्या विभागात. पहिल्यांदा आला तेव्हा मी गळ्यावरचे पू भरलेले फोड पाहिले आणि सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या. थोडं कमी झालं. दोन महिन्यांनी परत आला, मी दुसरं अँटिबायोटिक दिलं आणि सोबत लावायचं जेल. त्या दोन्ही वेळा मी त्याला एक प्रश्न विचारला नाही: तू दाढी कशी करतोस? ओपीडीत गर्दी होती हे खरं, पण तो प्रश्न विचारायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

तिसऱ्यांदा आला तो पोळ्यानंतर, वडिलांना सोबत घेऊन. लग्न जुळलं होतं, तारीख तुळशीच्या लग्नानंतरची. मुलीकडच्या कुणीतरी विचारलं होतं की मुलाच्या चेहऱ्याला काय झालं, काही आजार तर नाही ना. वडील त्यामुळे काळजीत होते आणि मुलगा खाली मान घालून बसला होता. मी तपासत असताना वडील सहज बोलून गेले, "माह्याही मानेवर असेच फोड येते साहेब. पण श्रावणात दाढी बंद असते ना, तवा सारं बसून जाते. पोळा झाला, दाढी केली, का आठ दिवसांत परत हाजर!"

निदान त्यांनीच केलं होतं.

आपल्यातले कितीतरी पुरुष श्रावण पाळतात. महिनाभर दाढी-कटिंग नाही, पोळा झाला की सलूनसमोर रांग. या मुलाचे वडील आयुष्यभर दरवर्षी, नकळत, या दुखण्यावरचा सगळ्यात चांगला उपाय करत आले होते. मुलाला मात्र श्रावण पाळता येत नव्हता. कामावर तोंडाला घट्ट बसणारा मास्क लावावा लागतो, आणि दाढीचे खुंट असले की मास्कच्या कडेतून वाफ आत जाते, म्हणून रोज गुळगुळीत दाढीची सक्ती. नियम चुकीचा नाही, फुप्फुसं वाचवणाराच आहे.

आता मी विचारलं, दाढी कशी करतोस? पहाटे साडेपाचला, पहिल्या पाळीच्या आधी. थंड पाणी, अंगाचाच साबण, तीन पात्यांचं रेझर, तेही तीन-तीन आठवडे तेच. आधी वरून खाली, मग खालून वर, कातडी बोटांनी ताणून, हात फिरवल्यावर काही लागेनासं होईपर्यंत.

यात काय बिघडतं ते समजून घ्या. पुढचे सगळे उपाय त्यावरच बसलेले आहेत.

तूर काढल्यावर शेतात अनवाणी चालून पाहा. तिरपे कापलेले खुंट पायात घुसतात. रेझरने तिरपा कापलेला केसही असाच टोकदार होतो. केस सरळ आणि राठ नसेल तर तो गुमान वर येतो. पण ज्यांची दाढी राठ आणि कुरळी असते, त्यांच्या केसाचं मूळच कातडीत वाकडं बसलेलं असतं. डोक्यावरचे केस सरळ असूनही दाढी कुरळी असू शकते, हे लक्षात घ्या. असा केस बाहेर येतो, वळतो, आणि आपल्या टोकदार तोंडाने एक-दोन मिलिमीटरवर परत कातडीत शिरतो. हा एक प्रकार. दुसरा प्रकार मी वर सांगितलेल्या गुळगुळीत दाढीतून होतो. जास्त पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केसाला धरून किंचित वर ओढतं आणि मागचं पातं कापतं. कापलेला केस मग मागे सरकून कातडीच्या पातळीखाली जातो. कातडी ताणली असेल किंवा उलटा हात फिरवला असेल तर आणखी खाली. तिथून वाढताना तो तोंडाकडे न जाता स्वतःच्याच नळीची भिंत फोडून बाजूला शिरतो.

शरीराला हा केस आपला आहे हे कळत नाही. कातडीच्या आतल्या थरात घुसलेला केस म्हणजे शरीराच्या लेखी काटाच. मग सूज, लाली, खाज आणि पू. हा पू सुरुवातीला जंतूंमुळे झालेला नसतो, म्हणूनच माझ्या अँटिबायोटिकने थोडंच भागलं. वरचा जंतुसंसर्ग गेला, पण केस आत तसाच राहिला, आणि रोज पहाटे नवे केस आत जात होते.

गळ्यावरच जास्त का, असं बरेच जण विचारतात. गालावरचे केस साधारण एका दिशेने वाढतात. गळ्यावर मात्र काही वर, काही खाली, काही आडवे, आणि ते कातडीला जवळजवळ लगटून बाहेर येतात. तुम्ही कितीही सुलटी दाढी करा, गळ्यावर कुठेतरी ती उलटी होतेच. वर शर्टाची कॉलर घासते, आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यातला घाम.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेच्या सैन्यात आफ्रिकी वंशाच्या सैनिकांना हा त्रास फार होतो, कारण केस घट्ट कुरळे आणि दाढी रोज करायची शिस्त. तिथे डॉक्टर अशा सैनिकांना दाढीतून सूट मिळावी म्हणून चिठ्ठी देत आले आहेत, आणि त्यावरून सैन्यात वर्षानुवर्षं वादही चालू आहे. मी ही माहिती त्या मुलाला सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "म्हणजे चिठ्ठी भेटते?"

चिठ्ठी मी दिली. पण त्याआधी त्याच्या खिशातून एक ट्यूब निघाली, आणि खरं संकट तिथे होतं.

माझ्या गोळ्यांनी गुण येईना म्हणून त्याने मेडिकल स्टोअरमधून एक मलम आणलं होतं. एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, जंतूंवरचं औषध आणि बुरशीवरचं औषध. तुमच्याही घरात असं मलम असण्याची शक्यता बरीच आहे. पहिल्या चार दिवसांत जादू होते. लाली जाते, खाज जाते, कातडी उजळते सुद्धा. म्हणून माणूस लावत राहतो. त्याने आठ महिने लावलं होतं. गालाची कातडी पातळ होऊन त्यातून बारीक लाल शिरा दिसत होत्या, उन्हात गेलं की चेहरा जळायचा, आणि एक दिवस मलम चुकलं की दुप्पट लाली. मुलीकडच्यांनी जे पाहिलं ते निम्मं केसांचं होतं आणि निम्मं या ट्यूबचं.

सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड मलमांची विक्री डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय करता येणार नाही असा नियम केला. त्वचारोगतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेने त्यासाठी बरीच धडपड केली होती. नियम आहे, तरी ट्यूब मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून स्वतःच वाचायला शिका. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. ते विष नव्हे, योग्य जागी आम्हीही देतो. पण चेहऱ्यावर, स्वतःच्या मनाने, महिनोन्महिने? नाही. आणि जर आधीच लावत असाल तर एकदम बंद करून घरी बसू नका, डॉक्टरला दाखवा, कारण बंद केल्यावर चेहरा काही आठवडे उफाळून येतो आणि घाबरून माणूस परत तीच ट्यूब उघडतो. या मुलाला मी त्यासाठी नागपूरला मेडिकलच्या त्वचारोग विभागात पाठवलं. तिथल्या सल्ल्याप्रमाणे ते मलम सोडवायलाच दोन महिने लागले.

केसांचं काय केलं? श्रावण. कंपनीला चिठ्ठी लिहिली की याला सहा आठवडे मास्क लागणार नाही अशा कामावर ठेवावं, दाढी करता येणार नाही. सुपरवायझरने कुरकुर केली, पण ऐकलं.

दाढीचा केस दिवसाला साधारण तीनदशांश ते चारदशांश मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला सेंटिमीटरभर. तेवढा लांब झाला की आत रुतलेल्या केसाची कमान ताणली जाते आणि बहुतेक केस स्प्रिंगसारखे आपोआप बाहेर सुटतात. पहिला आठवडा-दहा दिवस त्रास वाढल्यासारखा वाटतो, कारण आधीचे कापलेले केस अजून आत शिरत असतात. बरेच जण इथेच धीर सोडून वस्तरा उचलतात. थांबा. तीन-चार आठवड्यांत चित्र पालटतं.

या काळात दिवसातून दोनदा कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं दहा मिनिटं ठेवा. अंघोळीच्या वेळी मऊ टूथब्रशने (दात घासायचा नव्हे, वेगळा ठेवा) हलक्या हाताने गोल गोल फिरवा, म्हणजे रुतू पाहणारी टोकं सुटतात. घासून लाल करू नका. केसाची कमान कातडीवर डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल तरच निर्जंतुक सुईने तिच्या खालून फक्त टोक उचलून मोकळं करा, आणि तिथेच थांबा. उपटू नका. उपटलेल्या केसाच्या जागी नवा येतो तो कातडीखालूनच सुरुवात करतो आणि परत भिंत फोडतो. दिसत नसलेला केस शोधण्यासाठी साडीपिनने खणणाऱ्यांना मी हात जोडतो. केस सापडत नाही, खड्डा मात्र कायमचा राहतो. खर्र्याच्या डबीतला चुना फोडावर लावून येणारेही आहेत. चुन्याने फोड बसत नाही, कातडी भाजते.

औषधं लागतात का? काहींना. बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलिन, क्लिंडामायसिनचं जेल, ग्लायकोलिक आम्ल असलेली क्रीम, अशी साधनं आमच्याकडे आहेत. कुणाला कुठलं आणि किती दिवस हे कातडी पाहून ठरतं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अ‍ॅडापलिन नको. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे होतात, हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर घरून बोलणी मला बसतात.

काळे डाग हा वेगळा मुद्दा. आपल्या सावळ्या कातडीत सूज आली की तिथे रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि सूज गेली तरी डाग महिनोन्महिने राहतो. नवी पुटकुळी येणं थांबलं नाही तर डागावरचं कुठलंही क्रीम म्हणजे फुटक्या माठात पाणी. आधी केस, मग डाग. आणि उन्हापासून जपणं.

मग कायमची दाढी ठेवायची का? ज्याला ठेवता येते त्याने खुशाल ठेवावी, यासारखा उपाय नाही. ज्याला करावीच लागते त्याने गुळगुळीतपणाचा नाद सोडावा. ट्रिमर वापरा आणि मिलिमीटरभर खुंट राहू द्या. रेझरच हवा असेल तर एका पात्याचा, पातं नवं. दाढी अंघोळीनंतर करा, केस कोमट पाण्याने मऊ झालेले असतात. फोम किंवा जेल लावून दोन-तीन मिनिटं थांबा. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, कातडी न ताणता, दाब न देता, आणि एका जागेवरून एकदाच. सलूनमध्ये गेलात तर खुर्चीत बसतानाच सांगा, "दादा, उलटी करू नका." नवं ब्लेड डोळ्यांसमोर लावून घ्या. तुरटीला माझा आक्षेप नाही, पण तोच खडा सकाळपासून वीस जणांच्या गालावरून फिरलेला असतो, म्हणून आपला खडा घरी ठेवा. मानेमागची हेअरलाइन वस्तऱ्याने कोरून घेण्याची फॅशन मात्र सोडा. मानेवर वारंवार असे फोड आले तर तिथे कडक गाठी होऊन केस कायमचे जाऊ शकतात, आणि त्या गाठींवर इलाज फार चिवट असतो.

ज्यांना परवडतं आणि त्रास जास्त आहे त्यांना लेसरचा चांगला उपयोग होतो, कारण केसच बारीक आणि विरळ होतात. सावळ्या कातडीसाठी योग्य लेसर (एनडी-याग नावाचा) आणि अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ हवा, ब्यूटीपार्लर नको. बऱ्याच बैठका लागतात. पांढऱ्या केसांवर तो चालत नाही.

आता भगिनींसाठी. हे दुखणं पुरुषांचं असं समजू नका. वॅक्सिंग, एपिलेटर, थ्रेडिंग यात केस मुळातून किंवा अर्धवट तुटतो आणि पुढचा आत शिरतो. काखेत, मांड्यांवर, जांघेत हे फार होतं, वरून घट्ट जीन्स. त्या जागचा फोड लाजेने महिनोन्महिने लपवला जातो. जांघेतले आणि काखेतले फोड परत परत येत असतील, खोल असतील, एकमेकांना जोडलेले वाटत असतील, तर तो वेगळा आजार असू शकतो, म्हणून दाखवा. आणि हनुवटीवर राठ केस येतात म्हणून दर आठवड्याला दोरा फिरवणाऱ्या मुलींना मी पुटकुळ्यांबद्दल नंतर, पाळीबद्दल आधी विचारतो. पाळी दोन-दोन महिने लांबत असेल तर पीसीओडीची तपासणी करायला हवी. इथे केस हे नुसतं कारण नसतं, ती एक खूण असते.

प्रसूतीला किंवा ऑपरेशनला जाताना घरीच रेझरने जागा साफ करून येणाऱ्यांनाही सांगतो, तसं करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं आहे की ऑपरेशनआधी वस्तऱ्याने केस काढू नयेत. गरजच असेल तर दवाखान्यात क्लिपरने कापतात. रेझरच्या बारीक जखमांतून जंतू शिरतात.

केस बाहेरून सुद्धा आत जातो, हे बहुतेकांना खरं वाटत नाही. सलून चालवणाऱ्यांच्या दोन बोटांच्या बेचक्यात गिऱ्हाइकाचे कापलेले बारीक केस रुतून नाडीव्रण होतो. हा त्या धंद्याचाच आजार आहे. काम झाल्यावर बेचक्या नीट धुणं आणि पुसणं एवढाच त्यावर प्रतिबंध. माकडहाडाजवळच्या खाचेत असंच केस रुतून पू होतो, तासन्‌तास बसून गाडी चालवणाऱ्यांना जास्त. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सुमारे ८० हजार सैनिकांना यासाठी रुग्णालयात भरती करावं लागलं, आणि त्याला जीपवाल्यांचा आजार असंच नाव पडलं. काटोल रोडवर ट्रक चालवणाऱ्यांनो, तिथे परत परत फोड येत असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, तो सर्जनचा विषय आहे.

लगेच दवाखान्यात कधी यायचं, तेही सांगून ठेवतो. ताप आला, लाली पसरत चालली, फोड मोठा होऊन ठणकायला लागला, नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या भागात सूज चढली, तर त्याच दिवशी या. तिथला फोड कधीही दाबू नका. मधुमेह असेल तर लहान फोडही दाखवा. आणि ज्यांना असे फोड सारखे होतात पण साखर कधी तपासलेली नाही, त्यांनी ती तपासून घ्या. माझ्याकडे फोडावरून मधुमेह सापडलेले लोक आहेत. दाढीत गोल चट्टा पडून कडेने पसरत असेल, केस सहज निघत असतील, तर ते गजकर्ण असू शकतं. गुरांमध्ये काम करणाऱ्यांना जनावरांकडूनही होतं. त्यावर ती तीन औषधांची ट्यूब लावली की ते आतल्या आत पसरतं आणि आम्हालाही ओळखू येत नाही.

त्या मुलाचं लग्न ठरल्या तारखेला झालं, दाढी ठेवून. फोटोत छान दिसतोय. आता मास्कचं काम परत आलं आहे, म्हणून तो ट्रिमरने अगदी बारीक करतो, आणि मास्क जिथे टेकतो तेवढ्या पट्ट्यात एका पात्याचं रेझर, सुलट, एक हात. गळ्यावर महिन्याला दोन-तीन पुटकुळ्या अजून येतात. डाग पुष्कळ फिके झाले, पूर्ण गेले नाहीत. वडील यंदाही श्रावण पाळणार आहेत. पोळ्यानंतर दाढी कशी करायची ते मी त्यांना दाखवून दिलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण सलूनवाला ऐकन का?" तेव्हा मंडळी, सलूनवाल्या दादांपर्यंतही हा लेख पोहोचवा.